बॅकअप सर्व्हरचे स्थलांतर : विंडोजकडून लिनक्सकडे

होस्टेलमध्ये 'बॅकअप' हा शब्द आपल्याला सबमिशनच्या आदल्या रात्री आठवतो. पेनड्राइव्हवर एक कॉपी टाकली की झाला बॅकअप! मीसुद्धा असंच समजत होतो. गेल्या दिवाळीच्या सुट्टीत मारेगावला एका शाळेच्या ऑफिसात जाऊन बसलो, तेव्हा हा समज गेला.

काम साधं वाटलं होतं. ऑफिसच्या कोपऱ्यात विंडोज एक्सपीचा जुना पीसी होता, तोच बॅकअप सर्व्हर. एक्सपीचा सपोर्ट मायक्रोसॉफ्टने ८ एप्रिल २०१४ रोजीच बंद केला, म्हणून संस्थेने नवा पीसी घेऊन त्यावर लिनक्स टाकायचं ठरवलं. जुन्यातला डेटा नव्यात न्यायचा, एवढंच. पण त्या डेटात जुन्या दाखल-खारीज रजिस्टरचे स्कॅन होते. मूळ रजिस्टरची काही पानं वाळवीने खाल्ली होती. त्याच आठवड्यात एक माजी विद्यार्थी जात पडताळणीसाठी वडिलांच्या नोंदीचा उतारा मागायला आला होता, आणि त्याचं पान वाळवीच्या वाट्याला गेलेलं!

पहिली अडचण : साचा

सर्व बॅकअप 'बीकेएफ' फाईलमध्ये होता. एक्सपीतला 'एनटीबॅकअप' प्रोग्रॅम सगळ्या फाईली एका मोठ्या फाईलमध्ये स्वतःच्या साच्यात बांधून ठेवतो. २००७ मध्ये आलेल्या व्हिस्टापासून हा प्रोग्रॅम विंडोजमधून काढला गेला. म्हणजे ही फाईल लिनक्सवर कॉपी केली तर ती जशीच्या तशी पोचेल, पण सहज उघडणार नाही. मी हे सांगितल्यावर ऑफिसचे बाबूजी म्हणाले, "बाप्पा! म्हंजे कुलूप जपून ठेवलं अन् किल्ली भंगारात देली!"

नशिबाने किल्ली अजून भंगारात गेली नव्हती. जुना पीसी चालू होता. इथे पहिला नियम समजून घ्या : बॅकअपचा साचा हलवू नका, आतला डेटा हलवा. जुन्या मशीनवर जुन्याच प्रोग्रॅमने रिस्टोर करा, मोकळ्या झालेल्या फाईली नव्या मशीनवर न्या, आणि तिथे नव्या प्रोग्रॅमने नवा बॅकअप घ्या.

मोठ्या डेटा सेंटरमध्येही हीच रीत आहे. आयबीएमच्या टिव्होली स्टोरेज मॅनेजरचा सर्व्हर एआयएक्सवरून इंटेलच्या लिनक्सवर न्यायचा असेल, तर त्याच्या डेटाबेसचा बॅकअप नव्या प्लॅटफॉर्मवर थेट रिस्टोर करता येत नाही. एका सर्व्हरकडून दुसऱ्याकडे एक्स्पोर्ट किंवा रेप्लिकेशन करावं लागतं. यामागचं एक कारण आपण मायक्रोप्रोसेसरच्या तासाला शिकतो ते, बाइटचा क्रम. २५८ हा आकडा म्हणजे १×२५६+२. एआयएक्स ज्या पॉवर प्रोसेसरवर चालते तिथे तो १, २ असा लिहिला जातो. इंटेलवर २, १ असा. क्रम न बदलता वाचला तर २५८ नंबरचा दाखला ५१३ नंबरचा होईल! आमच्याकडे दोन्ही पीसी इंटेलचे, त्यामुळे हे संकट टळलं.

दुसरी अडचण : मराठी नावं

रिस्टोर केलेल्या फाईली एका यूएसबी हार्डडिस्कवर घेतल्या. ती एनटीएफएसमध्ये फॉरमॅट केली होती, कारण फॅट-३२ मध्ये चार जीबीची किंवा त्याहून मोठी फाईल मावत नाही. मग लिनक्सवर कॉपी लावली. मधेच लाईट गेली. परत आल्यावर पुन्हा लावली. स्क्रीनवर काही एरर आले, मी घाईत 'स्किप ऑल' दाबलं आणि जेवायला घरी गेलो.

संध्याकाळी फाईली मोजल्या तर आठ कमी! त्या शोधताना जे कळलं ते मला कुठल्या पुस्तकात सापडलं नव्हतं. एनटीएफएसमध्ये फाईलच्या नावाला २५५ एककांची मर्यादा असते आणि मराठीचं प्रत्येक चिन्ह एक एकक धरलं जातं. लिनक्सच्या ईएक्सटी-४ मध्ये मर्यादा २५५ बाइट्सची आहे, आणि यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइट्स घेतं. 'मारेगाव' या शब्दात काना-मात्रा धरून सात चिन्हं, म्हणजे २१ बाइट्स. निव्वळ देवनागरीत नाव ८५ चिन्हांपुढे गेलं की लिनक्स ते घेत नाही. आणि बाबूजींना फाईलच्या नावातच पूर्ण विषय लिहायची सवय! त्या आठ फाईलींना लहान नावं दिली आणि जुनी-नवी नावं शेजारी-शेजारी लिहून यादी ठेवली.

आणखी एक गंमत. 'शेतकऱ्यांची' मधला 'ऱ्य' दोन प्रकारे टाईप होतो : 'ऱ' वापरून किंवा साध्या 'र' ला अदृश्य जोडचिन्ह लावून. डोळ्यांना दोन्ही सारखेच दिसतात, पण संगणकाला ती दोन वेगळी नावं. म्हणून सर्च केल्यावर फाईल 'सापडत नाही' आणि आपण ती हरवली असं समजतो. इंग्रजी नावांत असाच घोळ लहान-मोठ्या अक्षरांचा. विंडोज सहसा त्यांत फरक करत नाही, लिनक्स करतो.

जुनी काही पत्रं कृतीदेव फॉन्टमध्ये होती. ती युनिकोड नव्हेत. फॉन्ट नसेल तर नुसती इंग्रजी अक्षरं दिसतात. म्हणून फॉन्टची फाईलसुद्धा बॅकअपमध्ये टाकली. टॅलीच्या डेटाचंही तसंच. तो लिनक्सवर सुरक्षित राहील, पण उघडायला विंडोजचा पीसी लागेलच.

तिसरी अडचण : परवानग्या

विंडोजमध्ये कोणी काय पाहायचं याची सविस्तर यादी फाईलसोबत असते. लिनक्समध्ये मुळात मालक, गट आणि इतर असे तीन भाग. साध्या कॉपीत जुनी यादी गळून पडते. दाखल्यांचा फोल्डर सगळ्यांना उघडा राहू नये, म्हणून आधी कागदावर लिहून घेतलं आणि नव्या मशीनवर हाताने लावलं.

कामाचा क्रम

१. जुन्या मशीनवर रिस्टोर करा. फाईलींची संख्या आणि एकूण आकार लिहून ठेवा.
२. कॉपीसाठी आरसिंक वापरा. १९९६ पासूनचा हा प्रोग्रॅम लाईट गेली तरी पुन्हा चालवल्यावर पोचलेल्या फाईली वगळून पुढचं काम करतो.
३. एररचा लॉग वाचा. 'स्किप ऑल' दाबू नका!
४. डिस्कवरच्या आणि सर्व्हरवरच्या फाईलींची एसएचए-२५६ बेरीज जुळवा.
५. नव्या सर्व्हरवरून काही फाईली तिसऱ्याच पीसीवर रिस्टोर करून उघडून बघा.
६. हे सगळं होईपर्यंत जुना पीसी विकू नका.

पाचवी पायरी बहुतेक जण गाळतात, मोठे लोकसुद्धा. ३१ जानेवारी २०१७ रोजी गिटलॅब कंपनीत चुकून मुख्य डेटाबेस पुसला गेला. बॅकअपची व्यवस्था होती, पण डेटाबेस पोस्टग्रेस ९.६ चा आणि बॅकअपचा प्रोग्रॅम ९.२ चा. त्यामुळे बॅकअप होतच नव्हता, आणि तसं कळवणारे ई-मेलही पोचत नव्हते. सुमारे सहा तासांचा डेटा कायमचा गेला. तिथले इंजिनिअर आपल्यापेक्षा नक्कीच हुशार होते. फक्त रिस्टोर करून बघायचं राहून गेलं होतं.

सुट्टीच्या शेवटच्या दिवशी आम्ही नव्या सर्व्हरवरून ते स्कॅन काढलं. नोंद स्पष्ट वाचता येत होती. बाबूजींनी प्रिंट काढली आणि मुख्याध्यापकांच्या सहीला पाठवली.

तेव्हा होस्टेलच्या मित्रांनो, आज रात्री एक काम करा. तुमच्या प्रोजेक्टचा बॅकअप रूममेटच्या पीसीवर उघडून बघा. उघडला तर तो बॅकअप. नाही उघडला, तर सबमिशनला अजून वेळ आहे!