हँडलबारवर बटणं लावण्याआधी

जून उजाडला की पुण्यातले कितीतरी सायकलवाले घरात येतात. रस्त्यावरचे खड्डे पाण्याखाली, घाटात धुकं, उतारावर ब्रेकचा भरवसा नाही. मग मागचं चाक निघतं, सायकल स्मार्ट ट्रेनरवर चढते आणि पडद्यावर झ्विफ्ट, मायवूश किंवा रूवी यांसारखं आभासी सायकलिंगचं ॲप सुरू होतं. पाय पेडलवर आणि हात हँडलबारवर, पण पडद्यावरच्या दुनियेचा सगळा कारभार कीबोर्डकडे. झ्विफ्टमध्ये फाट्यावर रस्ता निवडायला डावा-उजवा बाण, मागे वळायला खालचा बाण दाबून धरायचा, शर्यतीत मिळालेला पॉवर-अप वापरायला स्पेस बार. हवेचा विरोध कमी करणारा पॉवर-अप जेमतेम 15 सेकंद टिकतो. शेवटच्या टप्प्यात धाप लागलेली असताना, घामाच्या बोटाने, खुर्चीवर ठेवलेल्या लॅपटॉपची बरोबर तीच की शोधायची हे जमण्यातलं काम नाही. म्हणून लोक हँडलबारवर बाहेरचा कंट्रोलर लावतात. मीसुद्धा लावला आहे आणि आज त्याच्याशिवाय मी ट्रेनरवर बसत नाही. तरीही त्याच्यापायी माझा गुडघा दुखावला होता, आणि ते कसं घडलं हे नव्याने कंट्रोलर घेणाऱ्या प्रत्येकाला माहीत असावं असं मला मनापासून वाटतं.

तेव्हाचा कंट्रोलर म्हणजे ब्लूटूथवर चालणारं एक छोटं कीपॅड होतं, रबरी पट्ट्याने स्टेमशेजारी बांधलेलं. त्यातल्या एका बटणाला सरावाची तीव्रता एक टक्क्याने वाढवण्याचं काम नेमलेलं होतं. सराव एर्ग मोडमध्ये चालू होता. ज्यांनी एर्ग वापरलेला नाही त्यांच्यासाठी सांगतो: या मोडमध्ये ॲप ट्रेनरला ठरावीक वॅट सांभाळायला सांगतं. तुम्ही पेडल हळू मारलंत तर ट्रेनर जड होतो, जोरात मारलंत तर हलका होतो, वॅट तेवढेच राहतात. जड इंटरव्हल चालू होता. हनुवटीवरून ठिबकणारा घाम नेमका कीपॅडवर पडत होता आणि बटणाच्या कडेने आत उतरत होता. ते बटण खाली गेलं ते वर आलंच नाही. आकडा एक-एक टक्क्याने चढू लागला. पंख्याच्या आवाजात आणि त्या दमछाकीत सुरुवातीला वाटलं, आज पाय नाहीत. कॅडन्स, म्हणजे मिनिटाला पेडलचे फेरे, नव्वदवरून सत्तर, सत्तरवरून पन्नास. आणि कॅडन्स जितका पडला तितकं पेडल जड होत गेलं, कारण एर्गचं गणितच तसं आहे. या चक्राला सायकलवाले ‘मृत्यूचा भोवरा’ म्हणतात. शेवटचे काही फेरे उभं राहून, शरीराचं सगळं वजन टाकून मारले गेले आणि उजव्या गुडघ्याच्या वाटीखाली कळ आली. टेंडन दुखावला होता. डॉक्टरांनी विश्रांती सांगितली, मग हळूहळू व्यायाम, आणि तो पावसाळा सायकलविनाच गेला.

त्या प्रसंगानंतर माझं एक मत पक्कं झालं आहे. कंट्रोलर घेताना कोणतं बटण कुठे बसवायचं याचा विचार सगळेच करतात. कोणतं बटण हँडलबारवर अजिबात येऊ द्यायचं नाही, हे आधी ठरवायला हवं. कसोटी सोपी आहे. हे बटण अडकून राहिलं, किंवा अंगठा चुकून त्यावर पडला, तर काय होईल? कॅमेरा बदलला, कुणाला ‘राइड ऑन’ची शाबासकी गेली, हात हलवला गेला, तर कुणाचं काही बिघडत नाही. ही बटणं खुशाल अंगठ्याशी ठेवा. सरावाची तीव्रता वाढवणारी की मात्र लॅपटॉपवरच राहू द्या. तीव्रता कमी करणारी हवी असेल तर लावा, अडकली तरी सरावच सोपा होईल. झ्विफ्टमध्ये टॅब दाबलं की सरावाचा चालू टप्पा ओलांडून पुढचा सुरू होतो. तीही की हाताखाली नको, कारण पुढचा टप्पा जास्त जड असू शकतो. मागे वळण्याचं बटण ग्रुप राइडमध्ये नको. पन्नास जणांच्या घोळक्यातून एकटेच उलट दिशेला गेलात की पुन्हा त्या घोळक्याला गाठणं विसरा.

आणि भोवऱ्यात सापडलातच, तर झुंजू नका. पेडल मारणं पूर्ण थांबवा. बहुतेक ॲप तुम्ही थांबलात की भार सोडतात आणि पुन्हा पेडल मारू लागलात की तो बेताबेताने चढवतात. तेवढ्या अवधीत एर्ग बंद करा किंवा तीव्रता उतरवा, आधी कॅडन्स चढवा, मग कामाला लागा. हे मला त्या दिवशी कुणी कानात सांगितलं असतं तर गुडघा वाचला असता.

कंट्रोलर मुळात दोन जातींचे असतात, आणि हा फरक दुकानातल्या खोक्यावर ठळक लिहिलेला नसतो. पहिली जात कीबोर्डचं सोंग घेणारी. साधं कीपॅड, मॅक्रो पॅड, फोटो काढायचं ब्लूटूथ बटण, हे सगळे संगणकाला अमुक की दाबली एवढंच सांगतात. ती की कुणाला मिळणार? त्या क्षणी पडद्यावर जी खिडकी पुढे असेल तिला. सराव चालू असताना अपडेटची किंवा बैठकीची सूचना मध्ये उगवली की तुमचा स्पेस बार तिच्यावर पडतो, आणि तिथे ‘आत्ता रीस्टार्ट करा’ हे बटण निवडलेलं असेल तर काय होईल ते सांगायला नको. म्हणून बसण्यापूर्वी सूचना बंद करा आणि ॲप पूर्ण पडद्यावर ठेवा. अशी कीपॅडं काही वेळ हात लागला नाही की झोपतात, आणि मग पहिला दाब त्यांना जागं करण्यातच खर्ची पडतो. निर्णायक क्षणाच्या थोडं आधी एखादं निरुपद्रवी बटण दाबून त्यांना जागं करून ठेवायचं.

दुसरी जात थेट ॲपशी बोलणारी. झ्विफ्टचे प्ले आणि क्लिक यातले. पुढची खिडकी कोणती, याच्याशी यांना देणंघेणं नसतं, हा मोठा फायदा. पण प्लेची जोडी ड्रॉप हँडलबारसाठी बनवलेली आहे, आणि आपल्याकडे बरेच लोक सरळ हँडलबारच्या हायब्रिडवर असतात. मागवण्याआधी आपला हँडलबार बघा. क्लिकचं मुख्य काम आभासी गिअर बदलणं. मागे एकच दातेरी चक्र आणि 24 गिअर सॉफ्टवेअरमध्ये, ही कल्पना मला फार आवडते, साखळीची कुरकुरही जाते. मात्र अशा जोडणीत कंट्रोलरची बॅटरी संपली की गिअरच हातातून जातात. जास्तीची बॅटरी खणात असू द्या.

आता ब्लूटूथबद्दल, कारण कंट्रोलर चालत नसला की लोक कंट्रोलरलाच दोष देतात आणि खरं कारण दुसरीकडेच असतं. ॲपल टीव्हीवर झ्विफ्ट चालवत असाल तर त्याचा रिमोट सोडून ब्लूटूथच्या साधारण दोनच जागा उरतात. ट्रेनर आणि छातीवरचा हार्टरेटचा पट्टा जोडला की त्या भरल्या. तिसरा आलेला कंट्रोलर बाहेरच उभा राहतो. त्यावर उपाय म्हणजे झ्विफ्टचं कंपॅनियन ॲप फोनवर चालू ठेवून ब्लूटूथची जोडणी फोनमार्फत करणं, त्यासाठी फोन आणि ॲपल टीव्ही दोन्ही एकाच वाय-फायवर हवेत. बरेच जुने ट्रेनर एका वेळी एकाच ब्लूटूथ उपकरणाला जोडून घेतात. फोनवर ट्रेनर कंपनीचं ॲप मागे उघडं राहिलं असेल तर लॅपटॉपला ट्रेनर सापडतच नाही. आधी फोनवरची इतर ॲप बंद करा. जोडण्याचा क्रमही ठरवून ठेवा: ट्रेनर, पट्टा आणि सगळ्यात शेवटी कंट्रोलर. काही बिनसलं तर कंट्रोलरवर पाणी सोडता येतं, ट्रेनरवर नाही.

ट्रेनर आणि पट्ट्याचे बिनतारी संदेश घ्यायला लॅपटॉपला अँट प्लसचा डोंगल लावत असाल तर आणखी एक गोष्ट. डोंगल आणि ब्लूटूथ दोन्ही 2.4 गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात चालतात. यूएसबी 3.0 चं पोर्ट आणि त्याची केबल याच पट्ट्यात गोंगाट करतात हे इंटेलने 2012 मध्येच दाखवून दिलं होतं. डोंगल थेट लॅपटॉपच्या पोर्टात खुपसण्यापेक्षा एक्स्टेन्शन केबलने ट्रेनरजवळ न्या. केबल स्वस्त असते आणि बऱ्याच तक्रारी त्यातच मिटतात. घरचा राउटर 5 गिगाहर्ट्झवर चालू शकत असेल तर वाय-फाय तिकडे हलवा.

घामाचं पुन्हा सांगतो, कारण सगळी सुरुवात तिथून झाली. कंट्रोलर स्टेमच्या मध्यावर, थेट हनुवटीखाली बांधू नका. ब्रेकच्या हूडच्या आतल्या बाजूला, अंगठा पोचेल तिथे लावा. मध्यभागी रुमाल अंथरा. सराव संपला की ओलसर फडक्याने पुसा, मग कोरड्याने. घामातलं मीठ धातूचे संपर्कबिंदू खातं, आणि कोकणातल्या किंवा मुंबईच्या दमट हवेत ते आणखी लवकर होतं. चार्जिंगचं तोंड ओलं असताना केबल लावू नका. आणि दर आठवड्याला प्रत्येक बटण सावकाश दाबून बघा. खाली गेलं तसं टचकन वर येतंय ना? जे आळसावलंय ते वापरातून काढा.

नवीन कंट्रोलर आणलात की पहिल्याच दिवशी शर्यत लावू नका. दोन-तीन वेळा मोकळ्या, हलक्या राइडमध्ये वापरा. आधी दोनच बटणं नेमा, ती न बघता सापडू लागली की तिसरं. आठ बटणांचं पॅड आहे म्हणून आठही भरलीच पाहिजेत असं नाही. मी आज चारच वापरतो.

आणि ज्यांच्या घरी लहान मूल आहे त्यांना विनंती. क्लिकसारख्या कंट्रोलरमध्ये, तसंच अनेक हार्टरेट पट्ट्यांमध्ये, सीआर 2032 ही नाण्याएवढी लिथियम बॅटरी असते. ती मुलाने गिळली आणि अन्ननलिकेत अडकली तर दोन तासांच्या आत गंभीर इजा होऊ शकते. जुनी बॅटरी संपलेली वाटली तरी धोका राहतोच. बॅटरी बदलताना मूल खोलीत नको, झाकण घट्ट बसलंय का ते तपासा आणि जुनी बॅटरी चिकटपट्टीत गुंडाळून टाका. गिळल्याचा नुसता संशय आला तरी घरी वाट पाहत बसू नका, लगेच मोठ्या रुग्णालयाच्या आपत्कालीन विभागात न्या.