उतारावरचा ट्रॅक्टर : एच.पी. शेवटी विचारा

पावसाळा संपला की कोकणातल्या आंबा-काजूच्या बागांत कमरेएवढं गवत उभं असतं. ते वेळेत कापलं नाही, तर उन्हाळ्यात वणवा लागून कलमंही जातात. मजूर मिळत नाहीत, म्हणून माझा मामा यंदा मिनी ट्रॅक्टर आणि त्याच्या मागे पी.टी.ओ.वर चालणारं गवत कापायचं यंत्र घेणार आहे. बाग डोंगरउतारावर. "मेकॅनिकलला आहेस ना, सांग, किती एच.पी.चा घेऊ?" असं त्याने मला विचारलं. मी म्हणते, एच.पी. सगळ्यात शेवटी.

आधी उतार मोजा. गवंड्याची पाण्याची नळी पुरते. आडव्या १० मीटरमध्ये जमीन ३ मीटर उतरली, तर उतार सुमारे १७ अंश. नुसत्या नजरेवर विसंबू नका.

आता फर्स्ट इयरचं मेकॅनिक्स आठवा. सेंटर ऑफ ग्रॅव्हिटी, म्हणजे गुरुत्वमध्य, इथून सोडलेला ओळंबा खालच्या चाकाबाहेर गेला की ट्रॅक्टर उलटतो. त्या कोनाचा टॅन म्हणजे चाकांमधलं निम्मं अंतर भागिले गुरुत्वमध्याची उंची. समजा, अंतर ८० सेंमी आणि उंची ६० सेंमी. कोन येतो ३४ अंश. वाटेल, १७च्या दुप्पट आहे, मग भीती कसली? पण वरचं चाक १५ सेंमीच्या दगडावर चढलं आणि खालचं १० सेंमीच्या खड्ड्यात गेलं, की आणखी १७ अंश वाढले. खेळ खलास! त्यात पुढचा ॲक्सल मधल्या पिनवर डुलतो, म्हणून खरी मर्यादा याहूनही कमी. आणि वळताना वेग दुप्पट केला, तर बाहेर ढकलणारं बल चौपट होतं.

मग निवडायचं काय? रुंद आणि बुटका ट्रॅक्टर. हेच अंतर १२० सेंमी झालं, तर ३४चे ४५ अंश होतात. मागच्या टायरांत पाणी भरलं की गुरुत्वमध्य खाली येतो. फोर व्हील ड्राइव्ह हवा, कारण उतरताना लो गिअरमध्ये इंजिनचा ब्रेक चारही चाकांना लागतो. ओल्या गवतावर ट्रॅक्टर उलटण्याआधी घसरतो, म्हणून दव वाळल्यावरच काम. डावा-उजवा ब्रेक एकत्र जोडलेला असू द्या.

सर्वांत महत्त्वाची ड्रायव्हरमागची संरक्षक चौकट, म्हणजे रोप्स, आणि सोबत सीट बेल्ट. स्वीडनने १९५९ मध्येच नव्या ट्रॅक्टरांना ही चौकट सक्तीची केली. फांद्यांना अडते म्हणून ती काढून ठेवू नका. बेल्ट नसेल, तर माणूस चौकटीबाहेर फेकला जातो आणि चौकटीचा उपयोग उरत नाही.

एवढं जमलं, की मग कापायच्या यंत्राला पुरेल तेवढी एच.पी. बघा.

आणि जिथे उतार १५ अंशांच्या वर, तिथे ट्रॅक्टर नकोच. तिथे खांद्यावरचा ग्रास कटर. मामाच्या बागेचा वरचा तुकडा १७ अंशांचा आहे. तिथे चार दिवस जास्त लागतील, लागू देत. गवत दरवर्षी उगवतं, मामा एकच आहे.