एका खोलींत राहण्याची विद्या

शालांत परीक्षा आटोपली, कीं पुढील शिक्षणासाठीं अथवा नोकरीसाठीं मुलें घर सोडतात आणि शहरीं तिघेचौघे मिळून एक खोली घेतात. अंथरूण-पांघरूण, पुस्तकें, फराळाचा डबा, सर्व कांहीं आईबाप बरोबर देतात. परंतु परक्यांशीं एका खोलींत कसें राहावें, हें मात्र बहुधा कोणी सांगत नाहीं. मग महिन्या-दोन महिन्यांत बिघाड होतो आणि अभ्यासाची हानि होते. स्वभाव जुळले नाहींत, असें मुलें म्हणतात. आम्हांस वाटतें, दोष बहुधा स्वभावाचा नसून व्यवस्थेचा असतो. जागा, वेळ व काम या तिहींची वांटणी आरंभींच झाली नाहीं, तर सख्ख्या भावांतहि कलह माजतो. ती झाली, तर भिन्न स्वभावाचीं माणसेंहि सुखानें नांदतात. याचीं तीन उदाहरणें आपण पाहूं.

पहिलें जागेचें. गोव्यांतील खेड्यांतून पुष्कळ माणसें बोटीवरील चाकरीसाठीं मुंबईस येत. बोट मिळेपर्यंत राहावयाचें कोठें? म्हणून एकेका गांवच्या लोकांनीं मिळून सामाईक खोल्या घेतल्या. त्यांस ‘कूड’ म्हणतात. धोबी तलावाजवळील जेर महाल या इमारतींत अशा कित्येक खोल्या वसल्या. तेथें प्रत्येकाचें घर म्हणजे भिंतीला लावलेली त्याची पेटी आणि चटईपुरती जमीन. एवढ्याशा जागेंत माणसें सलोख्यानें राहिलीं, तीं जागा ऐसपैस होती म्हणून नव्हे, तर आपली कोणती व सर्वांची कोणती, हें ठरलेलें होतें म्हणून. सायंकाळीं जपमाळेच्या प्रार्थनेस बसणें हाहि तेथील नियम. त्यामुळें दिवसांतून एकदां तरी सर्वजण एकत्र येत.

दुसरें वेळेचें. मुंबईच्या गिरणगांवांत कोंकणांतून व घाटावरून आलेले कामगार गांवकऱ्यांच्या सामाईक खोलींत राहत. १९२० नंतर बांधलेल्या बी. डी. डी. चाळींतील एक खोली सुमारें १६० चौरस फुटांची. तेवढ्यांत इतकीं माणसें मावत कशीं? पाळ्यांमुळें. दिवसपाळीचा उठून गेला, कीं रात्रपाळीचा येऊन त्याच जमिनीवर अंग टाकी. निजलेल्याची झोप मोडणें ही तेथें थट्टा नव्हती. डोळ्यांवर झोंप घेऊन साच्यापाशीं उभें राहणें जिवावरचें काम. १९८२ च्या मोठ्या संपानंतर गिरण्या एकामागून एक बंद पडल्या आणि ती राहणी सरली; तिचा धडा मात्र सरलेला नाहीं. एकास रात्रीं जागून वाचावयाचें असतें, दुसऱ्यास पहाटे उठावयाचें असतें. दिवा किती वाजतां मालवावा, हें आधींच ठरलें, तर दोघेहि उत्तीर्ण होतील.

तिसरें कामाचें. रयत शिक्षण संस्थेचे संस्थापक कर्मवीर भाऊराव पाटील यांनीं १९२४ मध्यें सातारा येथें वसतिगृह काढलें. १९२७ मध्यें महात्मा गांधींच्या हस्तें त्यास श्री छत्रपति शाहू बोर्डिंग हाऊस हें नांव मिळालें. ज्या मुलांस आपापल्या गांवीं एका पंक्तीस बसतां येत नसे, तीं निरनिराळ्या जातींचीं मुलें येथें एकत्र राहत, एकत्र जेवत आणि हातानें कष्ट करीत. काम सर्वांचें असलें, म्हणजे उच्चनीच भाव टिकत नाहीं. आज जो वाढतो, तोच उद्यां पंक्तीस बसतो. खोलींतहि तेंच. एकानें नित्य झाडावें आणि दुसऱ्यानें नित्य लोळावें, तेथें मैत्री किती दिवस टिकणार?

म्हणून, विद्यार्थिमित्रहो, नव्या खोलींत पाऊल टाकाल, त्या पहिल्याच सायंकाळीं सर्वांनीं एकत्र बसावें. भाडें व विजेचें बिल कोणत्या तारखेस कोणी किती द्यावयाचें, झाडलोट कोणत्या वारीं कोणाची, पाहुणा आला तर कोणास विचारावयाचें, हें एका कागदावर लिहून भिंतीला लावावें. मित्रांत हिशेब कसला, असें म्हणूं नये. हिशेब चोख असला, म्हणजे मैत्रीवर त्याचा भार पडत नाहीं.

इतकें करूनहि कुरबूर होणारच. ती लहान असतांनाच, ज्याची त्यालाच, चारचौघांत न बोलतां एकांतांत सांगावी. तिसऱ्यापाशीं केलेली तक्रार मीठमिरची लावूनच परत येते. आणि मनांत दाबून ठेवलेली तक्रार एके दिवशीं भलत्याच निमित्तानें बाहेर पडते. ओल्या टॉवेलावरून पेटलेलें भांडण बहुधा टॉवेलाचें नसतें.

पालकांसहि आमची एक विनंति आहे. मुलगा वा मुलगी घर सोडण्याच्या आदल्या रात्रीं उपदेश करून ही विद्या येत नाहीं. आपलें ताट आपण उचलणें, आपलें अंथरूण आपण गुंडाळणें, धाकट्या भावाची वस्तु विचारल्यावांचून न घेणें, याची तालीम घरींच व्हावयास हवी. जें मूल घरांत इतरांची सोय पाहावयास शिकलें, त्यास कोणत्याहि शहरांतील कोणतीहि खोली परकी वाटणार नाहीं, आणि त्याच्या सोबत्यांसहि तें परकें वाटणार नाहीं.