फियाटची वही

आमच्या कऱ्हाडच्या घरी दोन वस्तू तीन पिढ्या चालत आल्या आहेत. एक आहे १९६५ सालची फियाट मोटार आणि दुसरी त्या मोटारीची वही. मोटार पाहावयास लोक येतात. वही मात्र कोणी मागत नाही. माझ्या मते दोहोंत अधिक मोलाची वहीच होय.

आमचे आजोबा डॉक्टर होते. खेडोपाडी रोगी पाहण्यास जावे लागे, म्हणून त्यांनी मोटारीसाठी नाव नोंदविले. त्या काळी पैसे हाती असले तरी मोटार मिळत नसे. नाव नोंदवून वर्षानुवर्षे वाट पाहावी लागे. देशात मोटारी तयार करणारे कारखाने मोजकेच होते. त्यांपैकी एक मुंबईजवळ कुर्ल्यास होता. सोलापूरचे उद्योगपती वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये स्थापिलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्स या कंपनीचा तो कारखाना. इटलीतील फियाट कंपनीशी करार करून तेथे फियाट मोटारी बनू लागल्या. त्यांतील एका जुन्या नमुन्याचे तोंड असे गोल आणि पुढे आलेले होते, की लोकांनी तिचे नाव ‘डुक्कर फियाट’ ठेवले! तिची पुढची दारेही उलट्या बाजूने उघडत. आजोबांना मिळाली ती तिच्या नंतरची, चौकोनी बांध्याची.

त्याच सुमारास दिल्लीत पंतप्रधान लालबहादूर शास्त्री यांनीही एक फियाट घेतली. तिची किंमत १२,००० रुपये होती. घरात ७,००० च होते. उरलेले ५,००० रुपये त्यांनी बँकेकडून कर्जाऊ घेतले. ११ जानेवारी १९६६ रोजी ताश्कंद येथे शास्त्रीजींचे निधन झाले, तेव्हा ते कर्ज फिटलेले नव्हते. ललितादेवींनी आपल्या निवृत्तिवेतनातून ते फेडले. ती मोटार आज दिल्लीतील शास्त्रीजींच्या स्मारकात ठेवलेली आहे. आजोबा ही हकीकत सांगत तेव्हा त्यांचा आवाज किंचित जड होत असे.

आता वहीविषयी. जाड पुठ्ठ्याच्या त्या वहीत आजोबा प्रत्येक प्रवासाची नोंद करीत. तारीख, गाव, भरलेले पेट्रोल, बदललेले तेल, आणि शेवटी एखादे त्रोटक वाक्य. उदाहरणार्थ, मे महिन्यातील ही नोंद पाहा : ‘चिपळूणहून परत. कुंभार्ली घाटात पंप तापला. ओले फडके. पंधरा मिनिटे.’

हे ओले फडके कशासाठी, हे मला लहानपणी मोठे कोडे वाटे. त्याचे कारण असे. टाकीतील पेट्रोल इंजिनाकडे ओढून आणणारा पंप इंजिनालाच चिकटून बसविलेला असतो. उन्हाळ्यात घाट चढताना इंजिन अतिशय तापते आणि पंपातील व नळीतील पेट्रोलाची वाफ होते. पंप द्रव पदार्थ पुढे ढकलू शकतो. वाफ मात्र नुसती दबते आणि फुगते, पुढे सरकत नाही. इंजिनास पेट्रोल मिळेनासे होते आणि मोटार चढणीवर मध्येच थांबते. पंपावर ओले फडके टाकले, की पाण्याचे बाष्पीभवन होताना उष्णता शोषली जाते, पंप निवतो आणि वाफेचे पुन्हा पेट्रोल होते. मातीच्या माठातील पाणी ज्या न्यायाने थंड होते, तोच हा न्याय.

वहीत १९६७ सालच्या डिसेंबरातील एक पान आहे. अक्षर नेहमीसारखे वळणदार नाही. ‘११ डिसेंबर. पहाटे भूकंप. कोयनानगरला दोन फेऱ्या. जखमी पाच. पाटणपाशी एक गेला. आसनावरचे डाग निघत नाहीत.’ एवढेच. त्या पहाटे कोयनेच्या खोऱ्यात जो भूकंप झाला त्यात दीडशेहून अधिक माणसे दगावली. आजोबा त्या दिवसाविषयी पुढे कधीही बोलले नाहीत.

आजोबांनंतर मोटार बाबांकडे आली आणि वहीही. बाबांचे अक्षर मोठे, नोंदी लांबलचक. २००३ साली त्यांची दृष्टी अधू झाली, तेव्हा त्यांनी मोटार मागच्या पडवीत उभी केली आणि तिच्यावर ताडपत्री घातली. सात वर्षे कोणी ती उचलली नाही.

उभी राहिलेली मोटार चालत्या मोटारीपेक्षा लवकर खराब होते, हे आम्हांस ठाऊक नव्हते. २०१० साली ताडपत्री काढली तेव्हा टायर चपटे होऊन तडकले होते. टाकीतील पेट्रोलाचा चिकट राळेसारखा थर झाला होता. उंदरांनी तारा कुरतडल्या होत्या. भंगारवाल्याने गाडीभोवती एक फेरी मारून वजनाच्या भावाने किंमत सांगितली.

धाकटा भाऊ म्हणाला, “दादा, देऊन टाक. जागा अडली आहे. दुरुस्तीला किती पैसे जातील याचा नेम नाही. शिवाय या जुन्या इंजिनाचा धूर हवेत सोडायचा, हे मला तरी पटत नाही.”

त्याचे म्हणणे चुकीचे नव्हते. मी तेव्हा गप्प राहिलो आणि आजही त्याचे उत्तर माझ्यापाशी पुरते नाही. आई मात्र आत गेली आणि वही घेऊन आली. “ही कोणाला द्यायची तेही ठरवा,” एवढेच ती म्हणाली. भंगारवाल्यास आम्ही आठ दिवसांनी येण्यास सांगितले.

त्या आठ दिवसांत आम्ही एका वृद्ध मिस्त्रींना बोलाविले. त्यांचा जन्म फियाट दुरुस्त करण्यात गेला होता. मी उत्साहाने किल्ली फिरवू लागलो, तोच त्यांनी माझा हात धरला. “थांबा साहेब. झोपलेल्याला एकदम धावायला लावायचे नसते.” इतकी वर्षे स्थिर असलेल्या इंजिनात दट्ट्या आणि नळकांडे यांमध्ये गंज धरतो. एकदम फिरविले तर आतील भाग ओरखडून निकामी होतात. मिस्त्रींनी चारही ठिणगी-प्लग काढले, त्या भोकांतून थोडे थोडे तेल सोडले आणि ते दोन दिवस मुरू दिले. मग हातानेच इंजिन हळूहळू फिरविले. चार दट्ट्यांचे, १०८९ घनसेंटिमीटरचे ते लहानसे इंजिन कुरकुरत, पण फिरले!

खरी आपत्ती खाली होती. मिस्त्री गाडीखाली शिरले आणि त्यांनी पेचकसाने तळाचा पत्रा ठोकून पाहिला. पेचकस आरपार गेला. पूर्वी एका गॅरेजने गंजलेल्या भोकांत पुट्टी भरून वर रंग दिला होता, आणि बाबा त्यावर विश्वासून राहिले होते. पुष्कळ जुन्या मोटारींना खाली लोखंडी सांगाडा असे. या फियाटला तसा वेगळा सांगाडा नाही. तळ, बाजू आणि छत मिळूनच तिचा कणा होतो. तळ गंजला, म्हणजे कणाच गंजला. तेथे पुट्टी भरणे म्हणजे मोडलेल्या हाडावर नुसती पट्टी बांधण्यासारखे होय. मिस्त्रींनी कुजलेला पत्रा कापून काढला आणि नवा पत्रा वेल्डिंग करून जोडला. या एका कामास सहा आठवडे लागले.

त्यासाठी मागचे आसन बाहेर काढले होते. वरचे नवे कापड उसवले तेव्हा खाली जुने राखी कापड निघाले. त्यावर तपकिरी डाग होते. भाऊ बराच वेळ ते पाहत उभा राहिला. मग तो आत गेला, वहीतील ते पान काढून त्याने पुन्हा वाचले, आणि बाहेर येऊन मिस्त्रींना म्हणाला, “हे कापड काढू नका. यावरच नवे घाला.” भंगारवाला नवव्या दिवशी आला होता, त्याला आम्ही चहा देऊन परत पाठविले होते.

पुढे अडचणी संपल्या असे नाही. कायद्याप्रमाणे खाजगी मोटारीस १५ वर्षे झाली, की दर ५ वर्षांनी तपासणी करून नोंदणी नवी करावी लागते. दिवे, ब्रेक, धूर, सारे तपासतात. २०२१ पासून ५० वर्षांवरील मोटारींसाठी निराळी नोंदणीही सुरू झाली आहे. परंतु तशी नोंदणी केली, की मोटार प्रदर्शनासारख्या प्रसंगीच रस्त्यावर आणता येते. आम्हांस ती चिपळूणला न्यायची असते, म्हणून आम्ही त्या वाटेने गेलो नाही. अलीकडे पेट्रोलात २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल मिसळतात. जुन्या रबरी नळ्या त्याने फुगतात व चिरतात. म्हणून त्या सर्व नळ्या बदलाव्या लागल्या. कुर्ल्याच्या कारखान्यात ही मोटार बनणे केव्हाच बंद झाले, आणि २०२३ सालच्या ऑक्टोबरात तिच्या वंशातील शेवटची ‘पद्मिनी’ टॅक्सीही मुंबईच्या रस्त्यावरून गेली. सुटे भाग आता जुन्या बाजारातून धुंडाळून आणावे लागतात.

भावाच्या आक्षेपास मान देऊन आम्ही एक नियम केला आहे. मोटार महिन्यातून दोनदाच बाहेर काढावयाची. एरवी बसने जावयाचे. धूर तपासण्याचे काम त्याने आपणहून स्वतःकडे घेतले आहे.

गेल्या मे महिन्यात आम्ही कुंभार्ली घाट चढत होतो. निम्म्या वाटेवर इंजिन अडखळले आणि बंद पडले. मी उतरण्यापूर्वीच माझी मुलगी बाटली आणि फडके घेऊन खाली उतरली होती. घरी आल्यावर तिने वही मागून घेतली. तिचे अक्षर आजोबांसारखे बारीक आहे. ‘कुंभार्ली घाट. पंप तापला. ओले फडके. बारा मिनिटे.’