जुन्या मोटारीतील बिघाड कसा शोधावा

मोटार बंद पडली की पुष्कळ लोक एकामागून एक सुटे भाग बदलू लागतात. कधी बॅटरी बदलली जाते, कधी प्लग, कधी कॉइल. पैसा खर्च होतो आणि मूळ दोष मात्र जागच्या जागी राहतो. बिघाड शोधण्याची खरी पद्धत शास्त्रीय संशोधनाच्या पद्धतीहून निराळी नाही. प्रथम लक्षण नीट पाहावे, त्यावरून कारणाचा तर्क करावा, तर्काची चाचणी घ्यावी आणि मगच हत्यार हाती घ्यावे.

उदाहरणादाखल आपण प्रीमियर पद्मिनी ही गाडी घेऊ. वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये स्थापन केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाईल्स कंपनीच्या मुंबईतील कुर्ला येथील कारखान्यात ती तयार होत असे. इटलीतील फियाट ११०० ही तिची मूळ गाडी. तिच्या एंजिनात चार सिलिंडर असून त्यांची एकूण धारणा १०८९ घन सेंटिमीटर आहे. मुंबईची काळी-पिवळी टॅक्सी म्हणून ती ऑक्टोबर २०२३ पर्यंत रस्त्यावर होती. तिच्या एंजिनावर संगणकाचे नियंत्रण नाही. त्यामुळे प्रत्येक क्रिया पाहता व तपासता येते, आणि म्हणूनच ती अभ्यासास सोयीची आहे.

१. स्टार्टर फिरत नाही

दिवे लख्ख लागतात, पण स्टार्टर फिरत नाही. मग बॅटरी खराब कशी असेल, असा प्रश्न पडतो. येथे ओहमचा नियम उपयोगी पडतो. समजा, बॅटरीच्या टोकावर गंज चढून त्या सांध्याचा रोध ०.०४ ओहम झाला आहे. दिव्यांना सुमारे ८ अँपिअर प्रवाह लागतो. तेव्हा सांध्यात ०.३२ व्होल्ट एवढेच खर्च होतात आणि दिव्यांत फरक जाणवत नाही. स्टार्टरने १०० अँपिअर प्रवाह घेतला, तर त्याच सांध्यात ४ व्होल्ट वाया जातात. १२ व्होल्टांतून ४ गेल्यावर एंजिन फिरविण्यास पुरेसा जोर उरत नाही. म्हणून नवी बॅटरी आणण्यापूर्वी दोन्ही टोके घासून स्वच्छ करावीत, सांधे घट्ट आवळावेत आणि बॅटरीपासून गाडीच्या सांगाड्यास जाणारी तारही तपासावी. टोके सोडविताना सांगाड्यास जोडलेले टोक आधी सोडवावे व जोडताना ते शेवटी जोडावे.

२. स्टार्टर फिरतो, पण एंजिन सुरू होत नाही

एंजिनास तीन गोष्टी लागतात : योग्य क्षणी ठिणगी, पेट्रोल व हवा यांचे योग्य मिश्रण, आणि सिलिंडरमध्ये पुरेसा दाब. तपासणीस सोपी असलेली ठिणगी आधी पाहावी. एक प्लग काढून तो त्याच्या तारेस जोडावा आणि त्याचे धातूचे अंग एंजिनाच्या धातूस टेकवून स्टार्टर फिरवावा. निळसर, कडकडीत ठिणगी दिसली तर ती बाजू बहुधा ठीक आहे. ठिणगी फिकट असेल तर डिस्ट्रिब्यूटरमधील पॉइंट पाहावेत. ते वारंवार जळत असतील, तर कंडेन्सरचा संशय घ्यावा. ही चाचणी पेट्रोलची वाफ जवळपास नसतानाच आणि जाणत्या माणसाच्या देखरेखीखाली करावी.

ठिणगी चांगली असूनही एंजिन सुरू होत नसेल, तर पेट्रोल कार्बुरेटरपर्यंत पोहोचते का ते पाहावे. दोन्ही बाजू निर्दोष आढळल्या, तरच सिलिंडरमधील दाब मोजण्याकडे वळावे.

३. उन्हाचा परिणाम

एकाच गाडीचा दोष स्थळानुसार बदलतो. मुंबईच्या दमट, खारट हवेत विजेचे सांधे गंजतात. छत्तीसगडात भिलाई येथील कोहक्यासारख्या ठिकाणी मे महिन्यात पारा चाळीस अंश सेल्सिअसच्या वर जातो. तेथे निराळी तक्रार येते. लांबून आलेली गाडी थोडा वेळ उभी केली की पुन्हा सुरू होत नाही, आणि थंड झाल्यावर मात्र सहज सुरू होते. पेट्रोल हे अनेक द्रवांचे मिश्रण असून त्यातील हलके अंश एवढ्या उष्णतेनेच उकळू लागतात. पंपात व नळीत वाफेचे बुडबुडे साठले, की पंप द्रव ओढू शकत नाही. यावर उपाय म्हणजे गाडी सावलीत थांबविणे, झाकण उघडून हवा खेळती ठेवणे आणि नळी एंजिनाच्या तप्त भागापासून दूर बसविणे.

आणखी एक गोष्ट लक्षात ठेवावी. २०२५ मध्ये भारतातील पेट्रोलमध्ये इथेनॉलचे प्रमाण २० टक्क्यांपर्यंत पोहोचले. जुन्या गाड्यांच्या रबरी नळ्या व पंपाचा पडदा अशा मिश्रणासाठी बनविलेले नव्हते. त्यांना चिरा पडल्या आहेत काय, हे वरचेवर पाहावे. पेट्रोलची गळती म्हणजे आगीस आमंत्रण होय.

४. दोन लक्षणे, एक कारण

चार्जिंगचा तांबडा दिवा लागला आणि त्याच वेळी एंजिनही तापू लागले, तर दोन बिघाड झाले असे मानू नये. डायनॅमो आणि पाण्याचा पंप एकाच पट्ट्यावर चालतात. पट्टा तुटला की दोन्ही बंद पडतात. अशा वेळी गाडी ताबडतोब थांबवावी. रेडिएटरचे झाकण गरम असताना कधीही उघडू नये. आतील दाबाखालील पाणी उसळून गंभीर भाजते.

एका वेळी एकच बदल करावा आणि त्याचा परिणाम पाहावा. दोन भाग एकदम बदलले आणि गाडी सुरू झाली, तरी दोष कोणत्या भागात होता हे कळत नाही, आणि पुढील वेळी पुन्हा पहिल्यापासून शोध घ्यावा लागतो.

विचार करा

१. सांध्याचा रोध ०.०२ ओहम व प्रवाह १५० अँपिअर असल्यास किती व्होल्ट वाया जातील?
२. थंड असताना सुरू होणारी, पण गरम झाल्यावर सुरू न होणारी गाडी कोणकोणत्या कारणांनी अडत असेल? प्रत्येक कारणासाठी एक चाचणी सुचवा.