पावसाळ्यानंतर फोर्क अडकतो, बदलू का?

प्रश्न : बोरिवलीच्या नॅशनल पार्कात जुनी एमटीबी चालवतो. पुढचा स्प्रिंगचा फोर्क पावसाळ्यानंतर नीट दबत नाही. नवा घ्यावा का?

उत्तर : घाई नको. आधी लॉकआउटची कळ उघडी आहे ना ते बघा. मग वरच्या चकचकीत नळ्या तपासा. क्रोम खोलवर खरवडला किंवा खड्डे पडले असतील, तर फोर्कवर खर्च करू नका. नळ्या गुळगुळीत असतील, तर चाक काढून तळाचे बोल्ट सोडवून घ्या. खालचे पाय बाहेर येतात. आत बहुधा पाणी, गंज आणि सुकलेले ग्रीसच सापडते. पुसून सस्पेन्शनचेच ग्रीस भरा. गंज सोडवणारा स्प्रे सीलवर मारू नका, तो उरलेले ग्रीसही धुऊन काढतो. प्रेशर वॉशरही टाळा.

जोडल्यावर नळीला रबर बँड लावा, सायकलवर अलगद बसा आणि उतरा. १०० मिमी प्रवासाच्या फोर्कमध्ये बँड १५ ते २५ मिमी सरकायला हवा. प्रीलोडची चकती तेवढ्यासाठीच असते, स्प्रिंग तिने कडक होत नाही. ही सफाई दर पावसाळ्यानंतर कराच.