मधपेटीची स्वच्छता : खर्च कोणाचा, लाभ कोणाचा?

राष्ट्रीय राजधानी क्षेत्राची कल्पना केली की उंच इमारती आणि उड्डाणपूल डोळ्यांसमोर येतात. परंतु रेवाडी, महेंद्रगढ, अलवर, भरतपूर हे मोहरीचे जिल्हेही याच क्षेत्रात मोडतात. थंडीत मोहरी फुलली की येथील शेतांच्या कडेला मधपेट्यांच्या लांब रांगा दिसू लागतात. दूरवरचे मधपाळही ट्रकमधून पेट्या घेऊन येथे येतात. मधमाशीपालनावरील चर्चा बहुधा पेट्यांची संख्या, अनुदान आणि मधाचा भाव यांपुरतीच मर्यादित राहते. पेटीची निगा व स्वच्छता हा विषय मात्र किरकोळ समजला जातो. वस्तुतः या व्यवसायाचा नफा, मधाची शुद्धता आणि निर्यातीतील विश्वासार्हता या तिन्ही गोष्टी त्यावर अवलंबून आहेत.

माणसाने सफाई का करावी?

मधमाशी स्वभावतः स्वच्छ कीटक आहे. कोशातून बाहेर आलेल्या कामकरी माशीचे पहिले काम षट्कोनी घरे साफ करण्याचे असते. मेलेल्या माश्या बाहेर टाकल्या जातात. एखादा उंदीर आत मेला आणि तो ओढून नेता आला नाही, तर माश्या त्याच्यावर वनस्पतींच्या राळेपासून केलेल्या प्रोपोलिसचा थर चढवतात. मग माणसाच्या हस्तक्षेपाची गरज काय?

याचे उत्तर पाळीवपणात आहे. नैसर्गिक वसाहत आपले जुने पोळे सोडून जाऊ शकते आणि दुसरी वसाहत सहसा तिच्यापासून बरीच दूर असते. चौकटींच्या पेटीत तेच पोळे वर्षानुवर्षे वापरले जाते आणि शेकडो पेट्या एकमेकींना लागून ठेवल्या जातात. उत्तर भारतात प्रामुख्याने पाळली जाणारी मेलिफेरा ही माशी मूळची परदेशी आहे. १९६० च्या दशकात, सध्याच्या हिमाचल प्रदेशातील नगरोटा येथे तिचे यशस्वी संगोपन झाले. व्हॅरोआ या परोपजीवी कोळ्याशी तिचा जुना परिचय नाही. आपल्याकडील सातेरी माशी हे कोळी अंगावरून झटकून टाकण्यात अधिक तरबेज आहे. मेलिफेराला हे तितकेसे साधत नाही. म्हणून उत्पादन वाढवताना सफाईचा काही भार पाळणाऱ्याने उचलणे क्रमप्राप्त ठरते.

वर्षभराचे वेळापत्रक

पेटीची रचना समजली की सफाईची जागाही समजते. सर्वांत खाली तळपाट, त्यावर पिलावा कोठी, तिच्यावर मधकोठी आणि शेवटी झाकण अशी ही मांडणी असते. मेणाचा चुरा, मेलेल्या माश्या व बुरशी तळपाटावर साठते. या चुऱ्यात मेणकिड्याच्या अळ्या वाढतात आणि नंतर पोळ्यात शिरून ते पोखरतात.

पिलाव्याला सुमारे ३४ ते ३५ अंश सेल्सियस तापमान लागते. दिल्लीच्या कडाक्याच्या थंडीत पेटी उघडी ठेवल्यास पिलावा गारठतो. त्यामुळे हिवाळ्यात निरभ्र दिवशी, दुपारच्या उन्हात आणि थोडक्या वेळात तपासणी करावी. थंडी ओसरताच मुख्य सफाई हाती घ्यावी. पिलावा कोठी उचलून स्वच्छ व वाळलेल्या तळपाटावर ठेवावी. काढलेला तळपाट पटाशीसारख्या अवजाराने खरवडावा, धुवावा आणि कडक उन्हात वाळवावा. खरवडलेला चुरा तेथेच न टाकता जाळावा किंवा पुरावा. एक-दोन तळपाट जास्तीचे ठेवले की हे काम पाळीपाळीने सहज उरकते.

पिलाव्याच्या पोळ्यात प्रत्येक पिढीच्या कोशाचे अस्तर मागे राहते. पोळे काळवंडते, घरे अरुंद होतात व रोगजंतूंना आश्रय मिळतो. म्हणून दर दोन-तीन वर्षांनी जुनी पोळी बदलावीत. उन्हाळा व पावसाळ्यात फुलोरा कमी होतो आणि वसाहत आकसते. माश्यांनी न व्यापलेल्या चौकटी तेव्हा काढून घ्याव्यात, कारण मेणकिडा राखण नसलेल्या पोळ्यावरच हल्ला करतो. साठवणीतील रिकाम्या पोळ्यांना बंद पेटीत गंधकाची धुरी देतात. धुरीने अंडी मरत नाहीत, म्हणून काही दिवसांनी ती पुन्हा द्यावी लागते आणि वापरापूर्वी पोळी मोकळ्या हवेत ठेवावी लागतात. या टंचाईच्या काळात साखरेचा पाक संध्याकाळी द्यावा व सांडू देऊ नये. सांडलेल्या पाकाने मुंग्या येतात आणि इतर वसाहतींच्या माश्या लूटमार सुरू करतात.

निष्काळजीपणाची किंमत

समजा, एका मधपाळाकडे २०० पेट्या आहेत आणि प्रत्येक पेटीच्या सफाईस १० मिनिटे लागतात. एका फेरीला सुमारे ३३ तास, म्हणजे एका माणसाचे चार दिवस लागतील. मोहरीच्या ऐन हंगामात चार दिवसांची मजुरी जड वाटते व सफाई पुढे ढकलली जाते. परंतु टाळलेला खर्च नाहीसा होत नाही. तो दुबळ्या वसाहती, घटलेले उत्पादन आणि औषधांचा वापर या रूपाने परत येतो.

यातील औषधांचा भाग सर्वांत महाग पडतो. रोग बळावला की प्रतिजैविके वापरण्याचा मोह होतो आणि त्यांचा अंश मधात उतरतो. औषधांचे व जड धातूंचे अंश हे कारण पुढे करून युरोपीय संघाने २०१० मध्ये भारतीय मधाची आयात थांबवली होती. ही बंदी २०११ मध्ये उठली. अशा बंदीचा फटका दोषी आणि निर्दोष अशा दोन्ही मधपाळांना सारखाच बसतो.

शेजाऱ्याची पेटी

येथेच हा प्रश्न खासगी न राहता सार्वजनिक होतो. कामकरी माश्या वाट चुकून शेजारच्या पेटीत शिरतात, तर सशक्त वसाहती दुबळ्या वसाहती लुटतात. त्यांच्याबरोबर कोळी व रोगजंतूही प्रवास करतात. म्हणजे मी माझी पेटी स्वच्छ ठेवली तर लाभाचा काही वाटा शेजाऱ्याला मिळतो आणि मी आळस केला तर तोट्याचा काही वाटा त्याच्या माथी पडतो. अर्थशास्त्रात यालाच बाह्य परिणाम म्हणतात. ज्याचा पूर्ण लाभ स्वतःला मिळत नाही, त्यावर माणूस पुरेसा खर्च करत नाही. मोहरीच्या शेतांकडेला एकत्र येणाऱ्या स्थलांतरित पेट्यांच्या बाबतीत हे विशेषत्वाने लागू पडते.

धोरणाची दिशा

राष्ट्रीय मधमाशीपालन व मध अभियानासाठी २०२० मध्ये ५०० कोटी रुपयांची तरतूद जाहीर झाली. २०२१ मध्ये सुरू झालेल्या ‘मधुक्रांती’ पोर्टलमुळे मधपाळांच्या नोंदणीची सोय झाली. पुण्याची केंद्रीय मधमाशी संशोधन व प्रशिक्षण संस्था १९६२ पासून, तर हरियाणातील रामनगरचे एकात्मिक केंद्र २०१७ पासून कार्यरत आहे. हा पाया भक्कम आहे. तथापि वाटलेली पेटी ही भांडवलाची भर मानताना तिचा घसारा विसरून चालणार नाही.

तीन उपाय सुचवता येतील. पहिला, प्रशिक्षणात मध काढण्याइतकाच वेळ तळपाट, जुनी पोळी व साठवण यांना द्यावा. दुसरा, पेट्यांबरोबर जास्तीचे तळपाट द्यावेत आणि मधपाळ गटांसाठी पोळी साठवण्याची व निर्जंतुकीकरणाची सामाईक सोय उभारावी. तिसरा, स्थलांतराच्या ठिकाणी दोन मधपाळांच्या पेट्यांत अंतर राखणे व रोगाची सूचना शेजाऱ्यांना देणे, एवढे नियम गटांनी स्वतःच ठरवावेत.

पटाशी, ऊन आणि दहा मिनिटे यांना फार भांडवल लागत नाही. लागते ती नियमितता, आणि आपल्या पेटीचा कचरा केवळ आपलाच नसतो ही जाणीव. मोहरीच्या शेताकडेला उभ्या असलेल्या मधपाळांना ती एकट्याने नव्हे, तर एकत्रच जोपासावी लागेल.